कैलाहूनचं माहेरघर: कामाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२२

पाऊस थांबला, रस्ता सुकला, काम सुरू. जागा सिएरा लिओनच्या पूर्व टोकाला, कैलाहून जिल्ह्यात. एका अंगाला गिनी, दुसऱ्या अंगाला लायबेरिया. इथल्या एका आरोग्य केंद्राच्या आवारात दिवस भरत आलेल्या बायकांना राहायला घर बांधायचं आहे. आठ खाटा, न्हाणी, संडास, शिवाय केंद्राच्या बाळंतपणाच्या खोलीला रात्रीचा उजेड. गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी माहेरघरं आहेत, तसलंच. तिथल्या काही माहेरघरांची डागडुजी मी केली होती, त्या जोरावर इथे आलो. पुढे कुणी असं काम अंगावर घेतलं तर पैसा आणि वेळ नेमका कुठे गळतो ते त्याला आधीच कळावं, एवढ्यासाठी ही वही.

या देशातलं यादवी युद्ध याच जिल्ह्यात सुरू झालं. मार्च १९९१ मध्ये बोमारू गावात पहिला हल्ला झाला आणि युद्ध संपल्याचं जाहीर व्हायला जानेवारी २००२ उजाडला. मधल्या काळात दवाखाने जळाले, शिकलेल्या नर्सा देश सोडून गेल्या. एप्रिल २०१० पासून गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांना सरकारी उपचार मोफत आहेत. तरी २०१३ च्या सर्वेक्षणात लाख जिवंत जन्मांमागे १,१६५ माता दगावल्याचं निघालं. २०१९ च्या सर्वेक्षणात ७१७. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे.

आमच्या केंद्रात सिझेरियन होत नाही. जिथे होतं ते रुग्णालय कोरड्या दिवसांत गाडीने दोन तासांवर. पावसाळ्यात किती वेळ लागतो असं विचारलं की ड्रायव्हर नुसते हसतात.

२५ नोव्हेंबर

आवारात एक जुनं जोतं आहे. युद्धाआधी तिथे नर्सचं घर होतं, ते जळालं, जोतं तेवढं राहिलं. चिरा मजबूत, कोपरे काटकोनात. नकाशात हेच जोतं वापरायचं ठरलं होतं, साधारण बाराशे डॉलर वाचणार होते. साफसफाई झाली, झाडाची मुळं काढली, दोरी लावली.

आज मॅमी क्वीन आली. ही गावातल्या बायांची पुढारी, प्रत्येक गावात असते. दोरीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, बांध, पण इथे कुणी झोपणार नाही. त्या घरात काय झालं होतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी इथे लिहीत नाही. गावातल्या पुरुषांनाही ते ठाऊक होतं. बैठकीत कुणी बोललं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं आणि बैठकीला बाई एकही नव्हती.

जोतं सोडलं. नवी जागा केंद्राच्या मागच्या दाराजवळ, आंब्याखाली, मॅमी क्वीनने दाखवलेली. बाराशे डॉलर गेलेच, साफसफाईची मजुरीही गेली. युद्ध होऊन गेलेल्या मुलखात रिकामी पडलेली चांगली जागा दिसली, तर ती रिकामी का राहिली ते आधी बायांना विचारा.

२ डिसेंबर

पाया खणायला घेतला. मुलं खड्ड्यात पडू नयेत म्हणून भोवती नारिंगी प्लास्टिकची जाळी लावली, आपण कुठल्याही साइटवर लावतो ती. दोन दिवसांत केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरली. सिस्टरने (इथली मुख्य मिडवाइफ) मला बाजूला घेतलं. "इंजिनिअर, ती जाळी काढा. एबोलाच्या तंबूंना हीच होती."

मे २०१४ मध्ये या देशातला एबोलाचा पहिला खात्रीचा रुग्ण याच जिल्ह्यात सापडला. तेव्हा दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही अशी धास्ती बसली. बाया बाळंतपणासाठीही येईनात. आठ वर्षं उलटली तरी नारिंगी जाळी दिसली की लोक रस्ता बदलतात. जाळी काढून बांबूचं कुंपण केलं. बांबू गावाने फुकट दिला.

२० डिसेंबर

खरेदीत वेळ गेला. जुलैत इथल्या चलनावरची तीन शून्यं काढली. जुन्या नोटा अजून चालतात, नव्याही चालतात. पत्र्याचं एक कोटेशन जुन्या लिओनमध्ये आलं, दुसरं नव्या, तिसऱ्या दुकानदाराने एकाच कागदावर दोन्ही वापरले. आमच्या हिशेबनिसाने तो कागद राजधानीला, फ्रीटाउनला पाठवला, तिथून तो शंका काढून परत आला, तोवर नाताळ. आता नियम केलाय: कोटेशनवर 'नवा लिओन' असं अक्षरी लिहिलेलं नसेल तर घ्यायचं नाही.

सिमेंट केनेमा शहरातून येतं. वाहतूक धरली की पोत्याचा भाव अंदाजपत्रकाच्या बाहेर. म्हणून भिंती मातीच्या विटांच्या, वरून सिमेंटचा गिलावा. गवंडी इथलेच, मातीच्या विटांत हात बसलेला. मी एक सेंटिमीटरचा फरक दाखवायला गेलो तर मुकादमाने शांतपणे जुन्या शाळेची भिंत दाखवली. तिला तीस-एक पावसाळे झालेत.

१९ जानेवारी २०२३

भिंती छातीपर्यंत. चीफकडे (इथल्या टापूचा परंपरागत प्रमुख) बैठक होती, या वेळी बायांसकट. बैठक सुरू होण्याआधी एका म्हाताऱ्याने मला हिंदुस्थानी सैनिकांबद्दल विचारलं. मे २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली भारतीय तुकडी कैलाहून गावात बंडखोरांच्या वेढ्यात अडकली होती, जुलैत मोहीम काढून तिला बाहेर काढलं. ऑपरेशन खुकरी. म्हाताऱ्याला हेलिकॉप्टरं आठवत होती. मला ही गोष्ट इथे येईपर्यंत नीट माहीत नव्हती.

बैठकीतला खरा विषय सुइणींचा. घरी बाळंतपण केलं तर कुटुंबाला आणि सुइणीला दंड, असा इथल्या बऱ्याच चीफडममध्ये (चीफच्या टापूंत) नियम आहे. हेतू चांगला. पण सिस्टर म्हणाली की दंडाच्या भीतीने बाया शेतावरच्या झोपडीत लपून बाळंत होतात. काही अडलं की तेव्हाही आणत नाहीत, कारण आणलं तर पकडले जाऊ. आणतात ते पार शेवटी. दंड नसता तर कदाचित दुपारीच आणलं असतं.

मोठ्या सुइणीला मी बोलायची विनंती केली. ती बोंडो या इथल्या बायांच्या पारंपरिक गुप्त मंडळाचीही प्रमुख, तिचा शब्द कुणी मोडत नाही. युद्धात ती गिनीतल्या गेकेडूजवळच्या निर्वासित छावणीत होती. हातमोजे आणि नवं पातं वापरायला तिथे शिकली. तिचं म्हणणं सरळ होतं. पूर्वी बाळंतपण केलं की कापड मिळायचं, कोंबडी मिळायची, पामतेल मिळायचं. आता मी बाईला केंद्रावर आणली की मला दारातून परत पाठवतात. मग मी का आणू?

यावर आज काही ठरलं नाही. नकाशात मात्र बदल केला. पुढे सहा फुटांची पडवी वाढवली, सुइणींना बसायला. खर्च वाढला, खांब वाढले, पत्रे वाढले.

१० फेब्रुवारी

संडास-न्हाणी. पहिल्या नकाशात शोषखड्ड्याच्या सोयीने संडास उताराच्या तळाशी होता, घरापासून चाळीसेक पावलांवर. नवव्या महिन्यातली बाई रात्री अंधारात तो उतार उतरून परत चढणार नाही. वर आणला, घराला लागून, हाताला धरायला लाकडी कठडा. शोषखड्डा तळाशीच ठेवला, मध्ये पाइप.

पाणी हातपंपाचं. आवारातला पंप इंडिया मार्क टू निघाला. हा पंप सत्तरच्या दशकात आपल्या सोलापूर पंपावरून विकसित झाला, त्यामुळे उघडून बघताना अनोळखी वाटलं नाही. वॉशर झिजले होते, साखळी गंजली होती. सुटे भाग केनेमात मिळाले. केंद्रात पाणी नव्हतं याचं एवढंच कारण होतं आणि त्यावर अहवाल मात्र बरेच लिहिले गेले होते.

३ मार्च

सौर उजेड. याआधी इथे एका संस्थेने पॅनेल बसवलेले होते. ते चालू होते, बॅटऱ्या मेलेल्या. कारण शोधायला वेळ लागला नाही: केंद्रातल्या प्रत्येक सॉकेटला मोबाइलची माळ. गावात वीज नाही, केंद्रात आहे, मग लोक फोन आणणारच. संध्याकाळपर्यंत बॅटरी अर्धी, मध्यरात्री शून्य. रात्री दोनला बाळंतपण आलं की सिस्टर तोंडात टॉर्च धरून टाके घालायची.

फोन बंद करा असा फलक लावून काही होत नाही, आधीच्यांनी लावला होता. आम्ही एक जुनं पॅनेल वेगळं काढलं, बॅटरी न जोडता दिवसा थेट चार्जिंगला दिलं, पडवीच्या टोकाला पेटी करून. फोनमागे थोडे पैसे, हिशेब मॅमी क्वीनकडे. बाळंतपणाच्या खोलीची तार स्वतंत्र, तिला एकही सॉकेट नाही, फक्त तीन दिवे आणि सक्शन मशीनची जोडणी. चार नव्या बॅटऱ्यांना सोळाशे डॉलर. आधीच्यांनीही एवढेच खर्चले असतील.

१४ मार्च

इंजिनिअरच्या हद्दीबाहेरचं, पण सगळ्यांत स्वस्त आणि बहुधा सगळ्यांत कामाचं.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. केंद्रात सौर फ्रीज आहे, लसींचा. त्याची किल्ली लस देणाऱ्याकडे, आणि तो संध्याकाळी पलीकडच्या गावात घरी जातो. म्हणून ऑक्सिटोसिन बाळंतपणाच्या खोलीतल्या कपाटात ठेवायचे. मी त्या कपाटात थर्मामीटर ठेवला: दुपारी ३३ अंश. इंजेक्शनं असायची, दिलीही जायची, पण त्यात जोर किती उरला होता कुणास ठाऊक.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकणाचा प्लास्टिक डबा ठेवला, वर लाल रंगात लिहिलं. दुसरी किल्ली करून सिस्टरच्या गळ्यात. यासाठी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागली आणि ती यायला किल्ली बनवण्याच्या कितीतरी पट वेळ लागला. लस देणारा नाराज होता. लसींना उगाच उघडझाप सोसावी लागेल हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून रोज सकाळी दोन दिवसांची इंजेक्शनं शीतपेटीत काढायची, रात्री फ्रीज उघडायचा नाही, असं ठरलं.

२१ एप्रिल

छप्पर झालं, खाटा आल्या, मच्छरदाण्या टांगल्या. चीफने फीत कापली. खाटा आठ, बाया शून्य.

५ मे

अजून शून्य. एक आली होती, रात्र काढून गेली.

सिस्टर आणि मी सुइणीकडे जाऊन बसलो. ती म्हणाली, घर छान आहे. स्वयंपाक कुठे करायचा?

माझ्या नकाशात स्वयंपाकघर होतं. पैसे कमी पडले तेव्हा मीच ते खोडलं, केंद्राची चूल वापरतील म्हणून. केंद्राची चूल चौकीदाराच्या बायकोची आहे, तिथे दुसरी बाई भांडं ठेवत नाही. शिवाय बाई एकटी येत नाही. मागचं मूल कडेला असतं, सोबत आई किंवा नणंद. त्यांनी झोपायचं कुठे, हेही मी धरलं नव्हतं. गडचिरोलीत माहेरघरात सोबतीण आणि धाकटं मूल धरूनच हिशेब असतो, शोधग्रामला डॉ. बंग दाम्पत्याच्या दवाखान्यात तर नातेवाइकांसाठी झोपड्याच आहेत. एवढं डोळ्यांनी बघून आलेला माणूस मी, आणि पैसे कमी पडल्यावर पहिली काट चुलीवर मारली. कुणी हे काम करत असेल तर खाटा आठच्या पाच करा, चूल खोडू नका.

१६ मे

पावसाच्या तोंडावर स्वयंपाकाची झोपडी. खांब, पामच्या झावळ्या, तीन दगडांच्या चार चुली, सरपणाला मचाण. गावातल्या पोरांनी उभारली, खर्च सगळा मिळून एका बॅटरीच्या निम्म्याहून कमी. शेजारी सोबतिणींसाठी लांब ओटा, वर पत्रा.

सुइणींचंही जमलं. चीफने दंड रद्द केला नाही, पण बाईला केंद्रावर आणणाऱ्या सुइणीला दंड नाही, उशिरा आणली तरी नाही, हे बैठकीत सर्वांसमोर सांगितलं. सुइणीने बाळंतपणाच्या खोलीत बाईच्या उशाशी बसायचं, बाळाला पहिल्यांदा तिनेच आईच्या हातात द्यायचं. साबण आणि कापड फोनच्या पैशांतून.

२९ मे

तीन खाटा भरल्या. एक बाई मोआ नदीच्या पलीकडून आलीय, एक थेट गिनीच्या हद्दीतून.

सिस्टरने सांगितलं की याच महिन्यात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बाळंतिणीखाली खुणा केलेली पिशवी लावून रक्त मोजायचं आणि प्रमाण ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे. चार आफ्रिकी देशांतल्या रुग्णालयांत याने गंभीर रक्तस्रावाच्या घटना निम्म्याहून कमी झाल्या. इथे अजून नजरेने अंदाज करतात. पिशव्या यायच्या तेव्हा येतील. मी बाळंतपणाच्या खाटेला दोन हूक वेल्ड करून ठेवले.

१७ जून

मोटारसायकल ॲम्ब्युलन्सचं प्रकरण. देणगीत एक जोडगाडी आली होती, मागे पाळणा असलेली. कोरड्या रस्त्यावर छान. पहिल्याच मोठ्या पावसात चढणीवर पाळणा मागे ओढायला लागला, आणि ओंडक्यांच्या पुलावर चाकं मावेनात. पाळणा काढून ठेवला. चढणीपर्यंत झोळी, भामरागडकडे पावसाळ्यात खाटेची कावड करतात त्याच रीतीने पोरांच्या खांद्यावर. चढणीच्या वर ओकाडा, म्हणजे भाड्याची दुचाकी, सुइणीला मागे बसवून. पक्क्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स. ओकाडावाल्यांत पुण्याच्या बजाजची बॉक्सर बऱ्याच जणांकडे आहे, तिचे सुटे भाग गावात मिळतात आणि दुरुस्ती कुणालाही येते. पाळण्याचा टायर मात्र फ्रीटाउनलाही मिळाला नाही.

ॲम्ब्युलन्सचे राखून ठेवलेले पैसे दोन पुलांच्या ओंडक्यांवर घातले. देणगीदारांना हे पटवायला बरीच पत्रं लिहावी लागली. पुलाचा फोटो वार्षिक अहवालात चांगला दिसत नाही.

२८ जून

२४ तारखेला देशभर निवडणूक. मजूर मतदानाला गावी, ड्रायव्हर नाहीत, माल अडकला. तारीख महिनोन्महिने आधी जाहीर होती. वेळापत्रकात धरायलाच हवी होती. आठवडा गेला.

११ जुलै

काल रात्रीचं जसं घडलं तसं लिहितो, पुढच्यांना कामी येईल.

घरात राहायला असलेल्या एका बाईची बाळंतपणानंतर वार पूर्ण पडली नाही, रक्त थांबेना. दिवे होते. ऑक्सिटोसिन थंड होतं. ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायचं औषध) तीन तासांच्या आत द्यावं लागतं, ते लगेच दिलं गेलं. इथपर्यंत सगळं ठीक.

मग फोन लागेना. केंद्रात रेंज नाही, टेकाडावर जावं लागतं. चौकीदार पावसात टेकाडावर गेला, ओल्या फोनवर नंबर दाबता येईना. अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्यातच. अखेर ओकाडावाला स्वतः पक्क्या रस्त्यापर्यंत गेला आणि तिथून फोन केला. झोळी, पूल, ॲम्ब्युलन्स. पूल टिकले. रुग्णालयात रक्त दिराने दिलं. बाई आहे, बाळ आहे.

आज टेकाडावर रेंजची जागा नक्की करून तिथे खांब रोवला, वर पत्र्याची टोपी, खाली कुलूपबंद पेटीत दोन कंपन्यांच्या सिमचा बटणांचा फोन. पेटीच्या झाकणाला आतून नंबर रंगवले. फोन रोज संध्याकाळी चार्ज करून पेटीत ठेवायचं काम चौकीदाराचं, वहीत सही करून.

२ ऑगस्ट

भुकेचे दिवस. मागचा तांदूळ संपला, नवा यायला अवकाश. बायांनी स्वतःचा तांदूळ आणायचा हा नियम जूनपर्यंत चालला, आता घरीच नाही तर आणणार कुठून? दोघी परत गेल्या. मॅमी क्वीनने फोनच्या पैशांतून कसावा, पामतेल आणि सुकी मासळी घेतली, पण ती सगळ्यांना पुरत नाही. आवारामागे कसावा आणि रताळं लावलंय, ते पुढच्या वर्षी कामी येईल. यंदाचे तीन महिने दोन पोती तांदूळ दर महिन्याला बाहेरून घ्यावे लागतील. अंदाजपत्रकात अन्नाला खातंच नव्हतं. रंगकामाच्या शिलकीतून दिलं. भिंती बाहेरून अर्ध्याच रंगवलेल्या आहेत.

२६ ऑगस्ट

ताबा दिला. रोज पाच-सहा खाटा भरलेल्या असतात, बाजाराच्या दिवशी सातही. पडवीत सुइणी असतात, त्यांच्यामुळे गोंगाट फार, सिस्टर कधीकधी वैतागते.

राहिलेली कामं: न्हाणीच्या पाइपला गळती आहे, जोड बदलावा लागेल. पलीकडच्या पुलाचा डावा ओंडका कुजायला लागलाय, पुढचा पावसाळा काढणार नाही. चौकीदाराचा पगार डिसेंबरपर्यंतचाच मंजूर आहे, त्यानंतर टेकाडावरचा फोन कोण सांभाळणार ते चीफबरोबर ठरवायचंय. सौर यंत्रणेचा चार्ज कंट्रोलर विजेच्या कडकडाटात एकदा जळाला. केनेमात मिळत नाही. फ्रीटाउनहून येणाऱ्याने दोन घेऊन यावेत, चोवीस व्होल्टचे, आणि सोबत जाड तारेचा अर्थिंगचा गुंडाळा.